दंतपरिवर्तन, बालवयातील

बालवयातील दंतपरिवर्तन : दुधाचे दात पडून कायमचे दात येत असताना जबड्यातील सर्वच दातांच्या जागांत होणारा बदल. तो सामान्यतः सहाव्या वर्षी सुरू होतो व बाराव्या-तेराव्या वर्षापर्यंत चालू राहतो. या काळात दोन्ही प्रकारचे दात तोंडात एकत्र असल्यामुळे त्यास ‘मिश्र दंतावस्था’ म्हणतात. एक दात पडतो आणि नेमका त्याच जागी दुसरा येतो, ही सर्वसाधारण समजूत अपुरी आहे. नवा दात पुष्कळदा जुन्याच्या मागून उगवतो, कलता येतो, शेजाऱ्याला ढकलतो, काही काळ फट ठेवतो आणि मग आपल्या जागेवर स्थिरावतो. या हालचालींतील किती भाग नैसर्गिक व किती सदोष, हे ओळखण्यास वैद्यकाला सुमारे दोन हजार वर्षे लागली. दरम्यान जे तात्पुरते होते त्यास विकार समजून असंख्य मुलांचे दात उपटले गेले, आणि ज्या दुधाच्या दाढा जपावयास हव्या होत्या त्या ‘पडायच्याच आहेत’ म्हणून कुजू दिल्या गेल्या.

दुधाचे दात वीस असतात. प्रत्येक जबड्यात चार पटाशीचे दात, दोन सुळे व चार दाढा अशी त्यांची वाटणी असून सुमारे अडीच वर्षांपर्यंत ते सर्व आलेले असतात. कायमचे दात बत्तीस असतात. त्यांपैकी वीस दात दुधाच्या दातांची जागा घेतात. दुधाच्या दाढांच्या जागी येणाऱ्या दातांना उपदाढा म्हणतात. उरलेल्या बारा दाढांना पूर्वज नसतो. त्या जबड्याच्या मागील, नव्याने वाढलेल्या भागात उगवतात. त्यांतील पहिली दाढ सहाव्या वर्षाच्या सुमारास, एकही दात न पडता, शेवटच्या दुधाच्या दाढेमागे निमूटपणे येते. त्यामुळे तिलाही दुधाची दाढ समजण्याची चूक आजही अनेक घरांत होते. ही चूक बरीच जुनी असावी, असे प्राचीन ग्रंथांवरून वाटते.

दात पडण्याचे वय प्राचीनांना चांगले ठाऊक होते. ग्रीक विधिकार सोलन (इ. स. पू. सहावे शतक) याने मानवी आयुष्याचे सात-सात वर्षांचे दहा खंड कल्पिले आणि पहिल्या खंडाची खूण म्हणून दुधाचे दात पडण्याचा निर्देश केला. ॲरिस्टॉटलने मात्र माणसाचे पुढचे दात पडतात, दाढा कोणत्याही प्राण्याच्या पडत नाहीत, असे लिहिले. दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांच्या दरम्यान, म्हणजे मुलाच्या दातांचे कौतुक संपल्यानंतर पडतात. त्या निरीक्षणातून निसटल्या असाव्यात.

भारतीय परंपरेत दातांना ‘द्विज’ म्हणजे दोनदा जन्मणारे हे नावच मिळालेले आहे. बालरोगांना वाहिलेल्या काश्यपसंहितेत दंतजन्मावर स्वतंत्र अध्याय आहे. नेपाळमध्ये सापडलेल्या खंडित हस्तलिखितावरून हा ग्रंथ मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून १९३८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पुढच्या मधल्या दातांना राजदंत, त्यांच्या शेजारच्यांना बस्त, सुळ्यांना दंष्ट्रा आणि मागील दातांना हानव्य अशी नावे आहेत. बत्तीस दातांपैकी आठ एकदाच जन्मतात व बाकीचे द्विज होत, असे तेथे सांगितले आहे. वस्तुतः एकदाच येणारे दात बारा आहेत. सहाव्या वर्षी येणाऱ्या चार दाढा दुधाच्या दातांत गणल्या गेल्या असाव्यात, असे मानल्यास हा चारांचा फरक सुटतो. अर्थात हा केवळ तर्क होय. ॲरिस्टॉटलने पडणारे दात प्रत्यक्षापेक्षा कमी मोजले, तर काश्यपाने जास्त. जन्मानंतर जितक्या महिन्यांनी दात येतो तितक्याच वर्षांनी तो पडून पुन्हा येतो, हा त्याच ग्रंथातील नियमही लक्षणीय आहे. खालच्या मधल्या पटाशीच्या दातांना तो चांगला लागू पडतो, कारण ते सहाव्या-सातव्या महिन्यात येतात व सहाव्या-सातव्या वर्षी पडतात. दुसऱ्या वर्षानंतर येणाऱ्या दाढांना मात्र तो लावता येत नाही. तरीही येण्याच्या व पडण्याच्या कालक्रमात काही नाते असावे, ही दृष्टी त्या काळाच्या मानाने निश्चितच मार्मिक आहे.

दातांच्या जागेविषयीचा जुना व्यावहारिक सल्ला रोमन लेखक सेल्सस (इ. स. पहिले शतक) याच्या वैद्यकग्रंथात मिळतो. दुधाचा दात पडण्यापूर्वीच नवा दात डोकावू लागला, तर जुना काढून टाकावा व नवा योग्य जागी येईपर्यंत रोज बोटाने दाबीत राहावे, असे तो सांगतो. हा प्रसंग मुख्यतः खालच्या पटाशीच्या दातांबाबत उद्भवतो. ते दुधाच्या दातांच्या आतल्या बाजूने, जिभेकडून उगवतात आणि काही आठवडे दातांच्या दोन रांगा दिसतात. आईवडील धास्तावतात, परंतु बहुतेक मुलांत दुधाचा दात आपोआप सैल होऊन पडतो व जिभेच्या दाबाने नवा दात पुढे सरकतो. दुधाचा दात घट्टच राहिला तर तो काढावा लागतो, म्हणून सेल्ससचा सल्ला अगदीच गैर म्हणता येत नाही. विशेष म्हणजे सौम्य पण सततच्या दाबाने दात हलविता येतो, हे तत्त्व त्यात गृहीत धरलेले आहे.

नवा दात कोठून येतो, हा प्रश्न सोळाव्या शतकापर्यंत अनुत्तरित होता. पडलेल्या दुधाच्या दाताला मूळ नसते, एवढे सर्वांना दिसत होते. त्यावरून मूळ जबड्यातच राहते व त्यातून नवा दात फुटतो, असा निष्कर्ष काढला जाई. आधुनिक शारीराचा प्रवर्तक आंड्रेअस व्हेसेलियस याचेही १५४३ मध्ये हेच मत होते. इटालियन शारीरविज्ञ बार्तोलोमेओ यूस्टेकियो याने १५६३ मध्ये दातांवर स्वतंत्र पुस्तिका प्रसिद्ध केली. गर्भांच्या व अर्भकांच्या जबड्यांचे विच्छेदन करून त्याने असे दाखविले की, दुधाच्या व कायमच्या दातांचे अंकुर वेगवेगळे असून कायमच्या दातांचे अंकुर आधीपासूनच जबड्यात दडलेले असतात. दुधाच्या दाताचे मूळ जबड्यात राहत नाही, ते हळूहळू विरघळून शोषले जाते. यूस्टेकियोच्या या शोधामुळे दंतपरिवर्तनाचे स्वरूपच बदलले. जबड्यात दोन पिढ्या एकाच वेळी नांदतात, असे एकदा कळल्यावर त्यांना जागा कशी पुरते, हा पुढचा प्रश्न अटळ होता.

त्या प्रश्नाचे पहिले पद्धतशीर उत्तर स्कॉटिश शस्त्रक्रियाविशारद जॉन हंटर (१७२८–९३) यांनी दिले. त्यांचा मानवी दातांच्या निसर्गेतिहासावरील ग्रंथ १७७१ मध्ये लंडन येथे प्रसिद्ध झाला. निरनिराळ्या वयांच्या मुलांचे जबडे ओळीने मांडून त्यांनी तुलना केली. पहिल्या वर्षानंतर जबड्याचा पुढील भाग, म्हणजे ज्यात दुधाचे दात बसलेले असतात तो भाग, लांबीने वाढत नाही. वाढ मागील बाजूस होते, असे त्यांना आढळले. खालच्या जबड्याच्या उभ्या फांदीच्या मागील कडेवर नवे हाड साठते व पुढील कडेचे हाड झिजून जाते. त्यामुळे फांदी मागे सरकत जाते आणि तिच्यापुढे दाढांसाठी जागा तयार होते. दाढा एकदम न येता सहाव्या, बाराव्या व अठराव्या वर्षांच्या सुमारास टप्प्याटप्प्याने का येतात, याचा उलगडा यातून होतो. केंब्रिजचे जॉर्ज मरी हम्फ्री यांनी १८६० नंतरच्या दशकात डुकरांच्या पिलांच्या जबड्यात तार बसवून हे प्रयोगाने पडताळले. पुढील भागात कसलीच वाढ होत नाही, हे हंटर यांचे म्हणणे नंतर थोडे सुधारावे लागले. पटाशीचे दात येत असताना दोन सुळ्यांमधील अंतर काही मिलिमीटरांनी वाढते. परंतु मुलाचा जबडा सर्व बाजूंनी मोठा होईल व वाकडे दात आपोआप सरळ होतील, ही आशा सर्वस्वी खरी नाही, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा आजही टिकून आहे.

यानंतर दंतपरिवर्तनाचा इतिहास काही काळ वैद्यकाबाहेर, कारखान्यांच्या दारात घडला. इंग्लंडमधील १८३३ च्या कारखाना अधिनियमाने कापड गिरण्यांत (रेशमाच्या गिरण्या वगळून) नऊ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास मनाई केली व नऊ ते तेरा वर्षे वयाच्या मुलांना दिवसाला नऊ तासांची मर्यादा घातली. मात्र सक्तीची अशी राष्ट्रीय जन्मनोंदच तेव्हा नव्हती. इंग्लंड व वेल्समध्ये नागरी नोंदणी जुलै १८३७ मध्ये सुरू झाली. मुलाची अंगकाठी पाहून वैद्याने दाखला द्यावयाचा असे. त्यात थोराड बांध्याचे लहान मूल सहज नऊ वर्षांचे ठरे. घरात पैसा यावा म्हणून आईवडील आणि मजूर मिळावा म्हणून गिरणीमालक, दोघेही वय वाढवून सांगत. अशा स्थितीत एडविन सॉन्डर्स या तरुण दंतवैद्याने १८३७ मध्ये ब्रिटिश संसदेच्या दोन्ही सभागृहांना उद्देशून एक पुस्तिका प्रसिद्ध केली. हजाराहून अधिक मुलांच्या दातांची तपासणी करून त्याने असे प्रतिपादन केले की, उंचीपेक्षा दात ही वयाची अधिक विश्वसनीय कसोटी आहे. उंची अन्नावर, श्रमावर व आजारावर अवलंबून असते. दातांचा क्रम तितका ढळत नाही. पहिली कायमची दाढ आली नसेल तर मुलाने सातवे वर्ष ओलांडलेले नाही, हा निकष त्यापूर्वी न्यायवैद्यकात मांडला गेला होता. सॉन्डर्सने पुढील वर्षांसाठी पटाशीचे दात व उपदाढा यांचा आधार घेतला. हा सॉन्डर्स पुढे व्हिक्टोरिया राणीचा दंतवैद्य झाला व १८८३ मध्ये त्याला सरदारकी मिळाली. पण त्याचे खरे कार्य या लहानशा पुस्तिकेत आहे. कोणत्या वयाच्या मुलाच्या तोंडात कोणता दात कोठपर्यंत आलेला असतो, याची मोठ्या संख्येने केलेली ही पहिल्या काही नोंदींपैकी एक होय.

भारतात १८८१ च्या कारखाना अधिनियमाने सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी केली व १८९१ मध्ये ही मर्यादा नऊ वर्षांवर नेली. मुंबईच्या गिरण्यांतील मुलांच्या वयाचा प्रश्न इंग्लंडमधल्यासारखाच होता. जन्माचा दाखला असलेले कामगाराचे मूल विरळाच. जयसिंग मोदी यांच्या १९२० मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या न्यायवैद्यकावरील ग्रंथामुळे दातांवरून वय ठरविण्याची कोष्टके भारतीय वैद्यांच्या व न्यायालयांच्या नित्य वापरात आली. भारतीय मुलांच्या दंतोद्गमाच्या वयांचा अभ्यास के. एल. शौरी यांनी १९४६ मध्ये प्रसिद्ध केला. एकट्या दातावरून वय अचूक सांगता येत नाही, त्यात काही महिन्यांचा, कधी वर्षाहून अधिक फरक पडतो आणि मुलींचे दात मुलांपेक्षा थोडे लवकर येतात, याची जाणीव पुढे वाढत गेली. बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार शाळेचा व जन्मनोंदीचा दाखला अजिबात उपलब्ध नसेल तरच वैद्यकीय तपासणीचा आधार घेता येतो.

एकोणिसाव्या शतकापर्यंतचे ज्ञान वेगवेगळ्या मुलांच्या तुलनेवर आधारलेले होते. एकाच मुलाचे दात वर्षानुवर्षे कसे सरकतात हे पाहण्यास दोन साधने लागली. एक म्हणजे दातांचा ठसा घेऊन केलेला प्लॅस्टरचा साचा. त्याचे वर्णन जर्मन दंतवैद्य फिलिप फाफ याने १७५६ मध्येच केले होते. दुसरे म्हणजे १८९५ मध्ये लागलेला क्ष-किरणांचा शोध. अमेरिकन दंतवैद्य एडवर्ड अँगल यांनी १८९९ मध्ये वरच्या पहिल्या कायमच्या दाढेला आधारभूत मानून दातांच्या सदोष जुळणीचे वर्गीकरण केले. पण ती दाढ स्वतःच स्थिर नाही, हे पुढील अभ्यासाने दाखविले. क्लीव्हलँड येथे बोल्टन कुटुंबाच्या देणगीतून १९२९ मध्ये सुरू झालेल्या अध्ययनात बी. होली ब्रॉडबेंट यांनी डोके एकाच स्थितीत धरून ठेवणारे उपकरण वापरले व त्याच मुलांची क्ष-किरण चित्रे ठराविक काळाने घेतली. हे उपकरण त्यांनी १९३१ मध्ये जाहीर केले.

ब्रॉडबेंट यांच्या निरीक्षणांतील एक तर आईवडिलांची चिंता दूर करणारे आहे. सात-आठ ते अकरा-बारा वर्षांच्या मुलांत वरचे पटाशीचे दात पंख्यासारखे फाकलेले असतात आणि मधल्या दोन दातांत फट असते. चेहरा काहीसा बेढब दिसतो. क्ष-किरण चित्रांत याचे कारण स्पष्ट दिसते : अजून वर हाडातच असलेले सुळे खाली येताना शेजारच्या दातांच्या मुळांवर दाब देतात, त्यामुळे मुळे आत व माथे बाहेर झुकतात. सुळे खाली उतरू लागले की दाब मुळांवरून माथ्यांकडे येतो, दात सरळ होतात व फट मिटते. ब्रॉडबेंट यांनी १९३७ मध्ये या अवस्थेला हॅन्स क्रिश्चन अँडरसन यांच्या प्रसिद्ध कथेवरून ‘कुरूप बदकपिल्लाची अवस्था’ असे नाव दिले. सुमारे दोन मिमी. पर्यंतची फट बहुधा आपोआप भरून येते. सुळे येण्यापूर्वी घाईने तारा बांधून दात जवळ ओढल्यास मुळे सुळ्यांच्या वाटेत येऊन त्यांना इजा होण्याचा धोका असतो.

जागेचा हिशेब याच सुमारास आकड्यांत मांडला गेला. चार कायमचे पटाशीचे दात त्यांच्या दुधाच्या पूर्वजांहून एकत्रितपणे रुंद असतात. वरच्या जबड्यात हा फरक सरासरी सुमारे साडेसात मिमी. व खालच्यात सहा मिमी. असतो. ही तूट तीन मार्गांनी भरून निघते : दुधाच्या दातांमधील फटी, सुळ्यांमधील अंतरात होणारी वाढ व नव्या दातांचे किंचित पुढे कलणे. म्हणूनच चार-पाच वर्षांच्या मुलाच्या दातांतील फटी हे वैगुण्य नसून भांडवल आहे. ज्याचे दुधाचे दात मोत्यांसारखे एकमेकांना चिकटून असतात, त्याच्याच कायमच्या दातांची पुढे गर्दी होण्याचा संभव अधिक असतो. एल. जे. बाउमे यांनी १९५० मध्ये या फटींचा पद्धतशीर अभ्यास प्रसिद्ध केला.

मागील बाजूस हिशेब उलटा आहे. दुधाचा सुळा व दोन दाढा यांची जागा घेणारे तीन कायमचे दात मिळून अरुंद असतात. हेज नान्स यांनी १९४७ मध्ये ही मोकळीक वरच्या जबड्यात प्रत्येक बाजूस सरासरी ०·९ मिमी. व खालच्या जबड्यात १·७ मिमी. असल्याचे दाखविले. ही जागा पुढच्या दातांना मिळत नाही. मागील पहिली दाढ पुढे सरकून ती व्यापते. खालची दाढ अधिक सरकत असल्याने वरच्या व खालच्या दाढांची जुळणीही याच वेळी पक्की होते. परिणामी खालच्या दंतकमानीचा घेर मूल वाढत असताना वाढण्याऐवजी काही मिलिमीटरांनी घटतो. कोअनराड मूर्रीस यांनी तीन ते अठरा वर्षे वयापर्यंत केलेल्या नोंदींवर आधारलेल्या १९५९ मधील ग्रंथात या सर्व बदलांची सविस्तर मापे दिली आहेत.

यावरून दुधाच्या दाढेचे महत्त्व ध्यानी येते. ती कुजून अकाली काढावी लागली तर पहिली कायमची दाढ लगेच पुढे झुकते, उपदाढेची वाट अडते, आणि वरच्या जबड्यात सर्वांत लांबचा प्रवास करून बहुधा अखेरीस येणाऱ्या सुळ्याला जागाच उरत नाही. तो हिरडीच्या वरच्या अंगाला उंच उगवतो किंवा हाडातच अडकतो. दाढ गेलेली जागा तारेच्या कडीने राखून ठेवण्याचा उपाय यासाठीच आहे. मराठीत अपरिपक्व माणसाबद्दल ‘अजून दुधाचे दात पडले नाहीत’ असे म्हणतात. या उक्तीतील तुच्छता प्रत्यक्ष दुधाच्या दातांच्या वाट्यालाही आली, हे खेदाने नमूद करावे लागते.

जागाच अपुरी असेल तर काय करावे, याविषयी मात्र मतभेद आहेत. फ्रेंच दंतवैद्य रोबेर ब्यूनाँ याने १७४३ मध्येच ठराविक क्रमाने दात काढून पुढील दातांना वाट करून देण्याची कल्पना मांडली होती. स्वीडनचे बिर्गर शेलग्रेन यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिला ‘क्रमवार दंतोत्पाटन’ हे नाव दिले. प्रथम दुधाचे सुळे, मग दुधाच्या पहिल्या दाढा व अखेर कायमच्या पहिल्या उपदाढा काढणे, असे या पद्धतीचे स्वरूप आहे. निवडक मुलांत ती उपयुक्त ठरली. परंतु चार निरोगी कायमचे दात गमावण्याची किंमत द्यावी लागत असल्याने साचे व क्ष-किरण चित्रे यांवरून जागेचे नेमके मोजमाप केल्याशिवाय ती हाती घेणे अनुचित मानले जाते.

दात हाडातून वाट कशी काढतो, हे कोडे सर्वांत उशिरा उलगडू लागले. स्वीडनचे कार्ल सँडस्टेट यांनी १९०४–०५ मध्ये कुत्र्यांवर प्रयोग करून असे दाखविले की, दाब पडणाऱ्या बाजूचे हाड झिजते व ताण पडणाऱ्या बाजूस नवे हाड साठते. वाढणारे मूळच दाताला वर ढकलते, ही समजूत मात्र टिकून होती. अमेरिकेतील डॉनल्ड केहिल व सँडी मार्क्स यांनी १९८० मध्ये कुत्र्याच्या पिलांत दाताभोवतीची पिशवी (पुटक) काढून टाकली, तेव्हा दात उगवलाच नाही. पुढे १९८४ मध्ये त्यांनी पिशवी तशीच ठेवून आतला दात काढला व त्याजागी धातूची प्रतिकृती बसविली. ती प्रतिकृती हाडातून वर आली. वाट तयार करण्याचे काम दाताचे नसून त्याच्या वेष्टनाचे आहे, असे यावरून सिद्ध झाले. मात्र हिरडीतून बाहेर पडल्यावर दाताला समोरच्या दातापर्यंत नेणारी प्रेरणा कोणती, याविषयी संशोधकांत अद्याप एकमत नाही.

मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ मध्ये सुरू झाले व भारतीय दंतसुधारशास्त्रज्ञांची संघटना १९६५ मध्ये याच शहरात स्थापन झाली. बालदंतवैद्यांची अखिल भारतीय संघटना १९७९ पासून कार्य करीत आहे. सहाव्या-सातव्या वर्षी एकदा पहिल्या दाढांसाठी व नवव्या-दहाव्या वर्षी पुन्हा सुळ्यांसाठी दातांची तपासणी करून घ्यावी, असा सल्ला दिला जातो. दुसऱ्या तपासणीत वरच्या ओठाखाली, हिरडीच्या बाहेरील बाजूस बोट फिरविल्यास येऊ घातलेल्या सुळ्याचा फुगवटा हाताला लागतो. एका बाजूस तो लागला व दुसऱ्या बाजूस लागला नाही, तर क्ष-किरण चित्र काढून सुळ्याची दिशा पाहतात. ती चुकलेली आढळल्यास दुधाचा सुळा वेळीच काढल्याने पुष्कळदा कायमचा सुळा आपल्या वाटेवर परत येतो.